तीन नवऱ्यांना पुरून उरलेली

मी तेव्हा जन्मले नव्हते, त्यामुळे मला सगळं नीट माहीत आहे. जे हजर होते त्यांच्या सांगण्यात फार गोंधळ आहे. मामा एक सांगायचा, त्याच्या शेजारचा चष्मेवाला दुसरंच सांगायचा, आणि कोर्टात मामीने स्वतः जे सांगितलं ते तिच्या वकिलालाही नवीन होतं. माझी सगळी भिस्त आईवर. आई वाढवून सांगते, पण खोटं सांगत नाही, आणि या दोहोंतला फरक आमच्या घरात सगळ्यांना कळतो.

तर ही गोष्ट माझ्या मामीची. काही महिनेच ती मामी होती. त्याआधी ती तिघांची बायको होती आणि ते तिघेही जमिनीखाली होते. ती तीन नवऱ्यांना पुरून उरली, असं आई म्हणते, आणि म्हणताना ‘पुरून’ हा शब्द जरा लांबवते. पुढे गावाने तिला ‘अहोबाई’ असं नाव ठेवलं. ते का, हे कळायला तिच्या लहानपणापासून सुरुवात करायला हवी.

तिची आई बंदराजवळ भाड्याने खोल्या द्यायची. खलाशी, फिरते विक्रेते, नोकरी शोधायला आलेले आणि नोकरीवरून हाकललेले, असे लोक यायचे आणि जायचे. खोलीत एक खाट, एक खुंटी, एक तांब्या. आज खुंटीवर ज्याचा कोट त्याचं नाव पाठ करावं, तर उद्या तिथे दुसऱ्याचाच कोट. आईने पोरीला शिकवलं, “नावं कसली पाठ करतेस? ‘अहो’ म्हण. ज्याला म्हणशील तो वळून बघतो.”

पोर हुशार. तिच्या लवकरच लक्षात आलं की ‘अहो’ नुसतं म्हटलं तर माणूस वळून बघतो, पण थोडं हळू आवाजात, शेवट किंचित लांबवून म्हटलं, तर तो हातातली बॅगही खाली ठेवतो. बॅग खाली ठेवलेल्या माणसाचं पुढे काय करायचं, ते तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

वयात आल्यावर तिने बरेच उद्योग केले. एका गावात ती अनाथाश्रमासाठी वर्गणी गोळा करायची. त्या आश्रमात अनाथ एकच होती, ती स्वतः, आणि तिची आई तेव्हा ठणठणीत होती. दुसऱ्या गावात ती लष्करातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याची विधवा होती. तिथल्या शिंप्याने तिला दुःखात साथ म्हणून काळ्या रेशमाचा झगा फुकट शिवून दिला. आवळा देऊन कोहळा काढतात म्हणे लोक. ही आवळासुद्धा समोरच्याच्याच झाडाचा तोडायची.

मग लग्नं.

पहिला नवरा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून दिवसभर खाली बघत बसणारा, पोटाचा नाजूक, स्वभावाने गरीब. त्याच्या दुकानात भिंतभर घड्याळं होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ होती, कारण गिऱ्हाइकांची बिघडलेली होती आणि त्याची स्वतःची त्याला लावायला सवड नव्हती. त्याच्याकडे ती सगळ्यात जास्त रमली. पण शेवटी त्याचं पोट बिघडलं ते बिघडलंच. ती इतकी रडली की शेजारणी तिला आठवडाभर सूप आणून देत होत्या. ते तिने प्यायलं, दुकान विकलं आणि गेली.

दुसरा फोटोग्राफर. तो तिला रंगवलेल्या धबधब्यापुढे उभी करून फोटो काढायचा. त्याच्या मागोमाग काचांवरचे ते सगळे फोटोही गेले, तिने जाताना एकेक फरशीवर आपटला. तिसरा दातांचा डॉक्टर. त्याने आयुष्यभर लोकांना “तोंड उघडा” म्हटलं, तिने त्याला रोज संध्याकाळी म्हटलं.

कारण तिची पद्धत ठरलेली होती. नवऱ्याला थकवा यायचा. थकवा कुठल्या नवऱ्याला येत नाही? मग ती ताकदीचं औषध करायची. मध, लवंग, कसलीशी कडू साल, आणि उंदरांसाठी दुकानात मिळायची ती पांढरी पूड. तपकिरी बाटली, मोठा चमचा, आणि तोंडाने, “अहो, घेता ना?” केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, फक्त केसाऐवजी चमचा.

आता बघा, ‘अहो’ची सोय. तीन घरं, तीन नवरे, तीन नावं. दुसरी एखादी गोंधळली असती. हिला नाव लागतच नव्हतं. झोपेत बरळली तरी ‘अहो’ म्हणूनच बरळणार, आणि शेजारी जो कोणी असेल त्याला वाटणार, काय हिचं माझ्यावर प्रेम!

चौथा माझा मामा.

मामाचं छत्र्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर राहायची खोली, मध्ये एक उभा जिना. दुकानात लोखंडी काड्यांचे जुडगे, कापडाच्या तिकोनी पट्ट्या, वेताच्या आणि शिंगाच्या मुठी, आणि मुठींना लावायच्या रोगणाचा वास. मामा चाळिशी ओलांडलेला, लग्न न झालेला, आणि लाजाळू इतका की गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की स्वतःच भाव कमी करून मोकळा व्हायचा. त्याला एक धाकटी बहीण. तीच माझी आई. दोन गल्ल्या सोडून राहायची आणि रविवारी त्याच्याकडे येऊन त्याच्या घरातल्या सगळ्या वस्तूंच्या जागा बदलून जायची.

ही बाई आली ती मोडकी छत्री घेऊन. एक काडी निखळलेली. “अहो,” तिने दारातूनच म्हटलं, हळू आवाजात, शेवट किंचित लांबवून, “हिचं काही होईल का हो?” मामाच्या हातातली सुई खाली पडली. ती छत्री तिने गल्लीच्या कोपऱ्याशी उभं राहून गुडघ्यावर आपटून स्वतःच मोडली होती, असं चष्मेवाल्याने पुढे कोर्टात सांगितलं. तेव्हाच का नाही सांगितलं, असं न्यायाधीशांनी विचारलं तर म्हणाला, “मला वाटलं, बाईला राग आला असेल कशाचा तरी.”

लग्न झालं. आईला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. नावडतीचं मीठ अळणी, तसं आईला तिचं सगळंच अळणी. पडदे भडक, हसणं खोटं, अंबाडा जरुरीपेक्षा मोठा. “दातांच्या डॉक्टरची विधवा म्हणते, आणि स्वतःची दाढ किडलेली,” असं आई म्हणाली. लोक हसले. नणंद भावजयीला नावं ठेवणारच, त्यात नवीन काय? आईने पडद्यांवरून इतका आरडाओरडा केला होता की खरं ओरडायची वेळ आली तेव्हा लांडगा आला रे आला, अशी तिची गत झाली.

ती वेळ लवकरच आली. मामा वाळायला लागला. गालांची हाडं वर आली. छत्रीच्या पट्ट्या त्याच्या हातून वाकड्या शिवल्या जायला लागल्या. तोपर्यंत त्याने आयुष्यात एकही छत्री वाकडी शिवली नव्हती. डॉक्टर म्हणाले, काम कमी करा. मामी म्हणाली, मी ताकदीचं औषध देतेच आहे. आई म्हणाली, “दादा, तू मरशील,” आणि मामा म्हणाला, “चिमे, तुला कुणाचं बरं झालेलं बघवतच नाही.”

हे आईला फार लागलं. आजही सांगताना तिचा आवाज बदलतो. ज्या भावाने तिला खांद्यावर बसवून शाळेत सोडलं तो डोळ्यांदेखत चमच्या-चमच्याने चालला होता, आणि तिला सांगून कोणी ऐकत नव्हतं.

आता मामाची एक गंमत सांगते. गंमत म्हणते, पण मला त्याची कणव येते. मामाला त्याच्या नावाने हाक मारणारं जगात कोणी उरलं नव्हतं. त्याची आई होती तोवर ती ‘बाळ’ म्हणायची. बहीण ‘दादा’ म्हणायची, कारागीर ‘मालक’, गिऱ्हाइकं ‘अहो छत्रीवाले’. पुढे मी जन्माला येऊन ‘मामा’ म्हणणार होते. वडिलांनी हौसेने ठेवलेलं एक चांगलं नाव होतं, पण ते घडी करून ठेवलेल्या कोटासारखं पडून राहिलं होतं. बायको आली तेव्हा त्याला वाटलं, आता ते कोणीतरी बाहेर काढेल. तर ती म्हणे ‘अहो’.

“मला नावाने हाक मार ना,” तो म्हणायचा.

“इश्श! असं काय हो? नवऱ्याचं नाव कोणी घेतं का?”

“हल्ली घेतात.”

“मला नाही बाई जमायचं.”

माणूस लाजाळू असला तरी हट्टी नसतो असं नाही. मामाने युक्ती काढली. संध्याकाळी चमचा तोंडाशी आला की तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा. नावाने हाक मारलीस तर घेतो, नाहीतर नाही. त्याच्या दृष्टीने हा संसारातला लाडिक खेळ होता. तिची मात्र पंचाईत झाली. औषध तर गेलं पाहिजे, आणि त्यासाठी तिला जन्मभर टाळलेली गोष्ट करावी लागत होती. शेवटी तिने नाव घेतलं. पुढे ‘राव’ जोडून, अगदी अदबीने, “अमुकराव, घेता ना?” मामा इतका खूश झाला की औषध घेऊन चमचा चाटला.

असं काही आठवडे चाललं. मग आला तो रविवार.

संध्याकाळची वेळ. आई खिडकीशी बसून मामाच्या शर्टाचं बटण लावत होती. मामा खाटेवर उशीला टेकलेला. ओठ मिटून, डोळे मिचकावत, लहान मुलासारखा वाट बघत होता. मामी बाटलीतून चमचा भरून घेऊन आली. दमली असेल, किंवा दुसराच काही विचार मनात असेल. तिने चमचा पुढे केला आणि म्हणाली, “तमुकराव, घेता ना?”

तमुकराव म्हणजे मामा नव्हे. खरं नाव मी लिहीत नाही. त्या बिचाऱ्याला एकदा भलत्याच घरात हाक बसली तेवढी पुरे.

मामाने विचारलं, “कोण?”

ती एक क्षणही अडखळली नाही, हे तिचं कौतुक केलंच पाहिजे. “अगंबाई, बघा ना! धाकट्या भावाचं नाव आलं तोंडात. तोही अस्साच रुसून बसायचा हो, औषध पाजताना. लहानपणीच गेला बिचारा.” आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून मामाच्या डोळ्यांतही आलं. त्याने तोंड उघडलं.

“थांब,” आई म्हणाली. दातात धरलेला दोरा तिने तोडला. “वहिनी, धाकट्या भावाला तुम्ही ‘राव’ म्हणायचात?”

“लाडाने हो, वन्सं.”

“लाडाने माणूस ‘राजा’ म्हणतो, ‘सोन्या’ म्हणतो. आणि ‘घेता ना’? मी दादाला, एवढा मोठा असून, ‘घेतोस का’ म्हणते. तुम्ही चड्डीतल्या पोराला ‘घेता ना’ म्हणायचात?”

‘ध’चा ‘मा’ झाला की माणूस मरतो, असं आपण ऐकत आलो. इथे ‘घेतोस’चं ‘घेता’ झालं, आणि माणूस वाचायची पहिल्यांदा शक्यता निर्माण झाली. घेता ना, असं बाई एकाच माणसाला म्हणते, आणि तो भाऊ नसतो.

“चिमे, पुरे झालं,” मामा म्हणाला.

“पुरे कसं? वहिनी, ताकदीचं आहे ना? घ्या बघू एक चमचा तुम्ही.”

“मला कडू सोसत नाही, वन्सं.”

“मग वर साखर खा.”

मामीने हसत हसत बाटलीकडे हात केला, पण आईचा हात आधी पोचला. त्या झटापटीत चमच्यातलं औषध सतरंजीवर सांडलं. आणि मग आमचा लाजाळू मामा, ज्याने गिऱ्हाइकालासुद्धा कधी चढ्या आवाजात ‘नाही’ म्हटलं नव्हतं, तो बहिणीवर ओरडला, “चालती हो! या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस.”

आई चालती झाली, बाटली घेऊन. जिना एका दमात उतरली. मागून मामी, “वन्सं, बाटली द्या! वन्सं, ऐका तर!” खाली दुकानात जाहिरातीसाठी ठेवलेली एक प्रचंड छत्री होती, अख्खं कुटुंब मावेल एवढी. आईने ती ओढली, दाराबाहेर गेली आणि मागे वळून फाटकन उघडली. छत्री दाराच्या चौकटीत घट्ट बसली. चष्मेवाला बाहेर येऊन बघतो तर छत्रीखालून दोन बूट दिसताहेत आणि आतून “वन्सं, वन्सं” असा आवाज येतोय. “नवीन माल आला वाटतं,” असं तो म्हणाला, असं आई सांगते. हे मात्र वाढवलेलं असणार.

पोलीस ठाण्यातल्या फौजदाराने सगळं ऐकून घेतलं आणि जांभई दिली. “बाई, नणंद-भावजयीची भांडणं आम्ही घ्यायला लागलो तर चोर कोण पकडणार?”

आई म्हणाली, “साहेब, तुमच्या घरी तुम्हाला ‘जेवता ना’ असं कोण म्हणतं?”

“आमची बायको.”

“आणि तुमची बहीण?”

फौजदार ‘जेवतोस का’ असं पुटपुटला आणि जांभई अर्धवट सोडून टोपी घालू लागला.

ती धक्क्यावर सापडली, ट्रंकेवर बसून बोटीची वाट बघताना. अंगात वेगळा झगा, डोक्यावर जाळीची टोपी, आणि आईने दुरून दाखवूनसुद्धा फौजदाराची खात्री पटेना. म्हणून त्याने नुसतीच हाक मारली, “अहो!” धक्क्यावर बायका पुष्कळ होत्या. वळून बघितलं ते हिनेच.

पुढचं पेपरात आलं. तारा गेल्या, तारा आल्या. त्या नावाचा एक घड्याळजी सापडला, म्हणजे त्याची कबर सापडली. तिथून फोटोग्राफर, तिथून दातांचा डॉक्टर. तिघांनाही उकरावं लागलं. तिला जन्मठेप झाली.

पण बाटलीचं काय? फौजदाराने ती सरकारी दवाखान्यात तपासायला दिली होती. खटला उभा राहायच्या आधीच तपासणीत काय निघालं ते कळलं आणि तो स्वतः आईकडे आला. दारातच उभा राहून म्हणाला, “होतं. भरपूर होतं. त्या रविवारचा चमचा शेवटून दुसरा किंवा तिसरा ठरला असता.”

आईने विचारलं, “त्या तिघांच्या खुनांसाठी तिला शिक्षा होईल ना?”

“होईल की.”

“मग चौथ्याचं कोर्टात काढू नका. तो तिथे पिंजऱ्याशेजारी उभा राहून हे ऐकेल आणि तुम्ही वाचवलेला माणूस घरी येऊन मरेल.”

फौजदार भला माणूस होता. त्याने नाही काढलं.

मामा हळूहळू सुधारला, पण नुसता अंगाने. दुकानात बसायचा आणि काडीला काडी जोडत राहायचा. बहिणीशी बोलत नव्हता. एकदा तो मामीला तुरुंगात भेटायला गेला. जाळीपलीकडे ती, अलीकडे हा. याने विचारलं, “माझ्या बाटलीत होतं का गं काही?”

ती म्हणाली, “छे हो. ते आधीच्यांचं. तुम्ही नावाने हाक मारायला लावलीत आणि मग माझा हात धजावला नाही. तुमचं नुसतं ताकदीचं होतं.” आणि निघताना तिने त्याला नावाने हाक मारली. त्याच्याच.

हे धडधडीत खोटं होतं. पण मामाला त्याचा असा गुण आला, जो कुठल्या औषधाने आला नसता. परत येताना तो सरळ आमच्या घरी आला, जेवला, आणि आईला म्हणाला, “ऐकलंस? माझ्या बाटलीत काही नव्हतं.” आई ताटात वाढत राहिली. माझी आई, जी पावसाचा पहिला थेंब पडला तरी “मी म्हटलं होतं” म्हणते, ती यावर काही बोलली नाही.

मग मी जन्मले, मोठी झाले, आणि हे वाक्य मी मामाच्या तोंडून किती वेळा ऐकलं याला गणती नाही. तो ते गिऱ्हाइकांना सांगायचा, चष्मेवाल्याला सांगायचा, मला सांगायचा. लोक माना डोलवायचे आणि पाठीमागे हसायचे. खरं काय ते मला आईने मी मोठी झाल्यावर सांगितलं, आणि वर दम दिला की तोंडातून अवाक्षर काढलंस तर बघ.

मामा पुष्कळ जगला. शेवटच्या आजारपणात आम्ही त्याला आमच्याकडे आणलं होतं. एका दुपारी तो बराच वेळ छताकडे बघत पडला होता. आई शेजारी बसली होती, मी पायांशी. मध्येच तो म्हणाला, “चिमे, त्या फौजदाराने तुला बाटलीचं काही सांगितलं होतं?”

आईने त्याचं पांघरूण नीट केलं.

“सांगितलं होतं.”

“काय?”

“नुसतं मध आणि लवंग. तुला कसं सांगायचं म्हणून गप्प राहिले.”

“म्हणजे तू तिला त्या दिवशी उगाचच बोललीस.”

“उगाचच बोलले,” आई म्हणाली. “माझंच चुकलं, दादा.”

मामाने तिच्या हातावर थोपटलं. “जाऊ दे. तू लहानपणापासून भांडखोरच,” तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून शांत झोपला. आई त्याच्याजवळून उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले तर ती ओट्याला धरून उभी होती आणि पदराने तोंड दाबून रडत होती.